फिनाइलवाल्या मॅडम

आमच्या मॅडम मनाने फार प्रेमळ होत्या, असं हल्ली कंपनीत कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्या प्रेमळ नव्हत्या. त्या इथे होत्या तेव्हा हेच लोक त्यांना खडूस म्हणत, कजाग म्हणत, आणि हिंदीत त्याहून वाईट काही म्हणत. मॅडम मस्कत सोडून गुहागरला परत गेल्या आणि काही महिन्यांतच प्रेमळ झाल्या. बाई डोळ्यांआड झाली की तिला पाकात घालून गोड करून ठेवायची लोकांना भारी घाई असते. ती घाई मला सहन होत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मस्कतमध्ये, वादी कबीर भागात आमच्या कंपनीचं मोठं स्वयंपाकघर आहे. तिथून शाळांचे डबे जातात, ऑफिसांची जेवणं जातात आणि बांधकामावरच्या मजुरांच्या कॅम्पांना मोठमोठी पातेली जातात. मॅडम तिथल्या क्वालिटी हेड होत्या. आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा, शिजलेलं अन्न दाराबाहेर जाऊ द्यायचं की नाही, हे ठरवणं त्यांचं काम. मी त्यांच्या हाताखाली मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून लागले. सांगलीहून एमएस्सी करून, लग्न करून आलेली, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘सॉरी’ने करणारी.

मॅडम बुटक्या आणि रुंद होत्या. अंगात पांढरा कोट आणि पायांत पुढे लोखंड असलेले पुरुषी सेफ्टी शूज. रुवीच्या हेड ऑफिसात मीटिंगला जातानाही तेच शूज. फरशीवर ते असे वाजत की दोन खोल्या पलीकडे कळायचं, आल्या. आमचे जनरल मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत, पुण्याचे. आवाज मऊ, मराठी स्वच्छ. ते एकदा हसत म्हणाले, “मॅडम, ऑफिसात येताना जरा साजेसं काही घालत जा ना.”

मॅडम म्हणाल्या, “मी इथून परत किचनमध्ये जाणार आहे. तुम्ही जाता का कधी?”

कोटाच्या खिशात त्यांचा थर्मामीटर असायचा, अन्नात खुपसायचा, लांब सुईचा. तो कामाबाहेरही सुटत नसे. एका वर्षी आम्हा मराठी लोकांच्या गणपतीत महाप्रसादाला त्या आल्या आणि रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी मसालेभाताच्या पातेल्यात सरळ सुई खुपसली. वाढणारी बाई आ वासून बघत राहिली. मॅडमनी आकडा वाचला, म्हणाल्या, “गरम करा,” आणि वाटीभर कोशिंबीर घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. मंडळाच्या बायकांनी ते पुढे दोन गणपती बोलून दाखवलं. त्यातलीच एक मला म्हणाली, “एकटी राहते ना, म्हणून असं होतं.”

मॅडमचे यजमान गुहागरला बाग सांभाळत. त्यावरून त्यांना रुवीत कुणी ना कुणी विचारायचंच, “नवऱ्याला सोडून एकट्याच राहता इथे?”

“त्यांना विचारलंत का, बायकोला सोडून एकटेच राहता तिथे?” एवढं बोलून त्या पुढे चालू लागत.

माझं ‘सॉरी’ त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडलं. मी म्हटलं होतं, “सॉरी मॅडम, मला वाटतं डाळ बहुतेक नीट शिजलेली नाहीये.”

“वाटतं की माहीत आहे?”

“माहीत आहे. म्हणजे, मोजलं मी.”

“मग बहुतेक कुठून आलं? डाळ बहुतेक कच्ची असते का? आणि सॉरी कुणाला, डाळीला?”

त्यानंतर त्यांनी जो प्रकार सुरू केला त्याने मला पहिले काही दिवस घरी जाऊन रडू येई. मी भट्टीजवळच्या पातेल्यात सुई घालायची आणि मॅडमनी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला, भांडी धुतात तिथे उभं राहायचं. मध्ये धूर ओढणारे पंखे, भांड्यांचा खणखणाट, वीस-पंचवीस आचारी आणि पोरं. मी आकडा ओरडून सांगायचा. मॅडमना ऐकू आला नाही तर त्या कानामागे हात धरून नुसत्या उभ्या राहायच्या, आणि तोवर ते पातेलं हलायचं नाही. पहिल्या दिवशी माझा आवाज माझ्याच नाकापर्यंत पोहोचत नव्हता. आचारी हसत होते. एक जण म्हणाला, “दीदी, माइक लाऊँ?” मला इतका राग आला, त्याचा, मॅडमचा, माझा स्वतःचा, की मी किंचाळले, “सेव्हंटी टू!”

हसणं थांबलं. तिकडून मॅडम म्हणाल्या, “हं. कमी आहे. अजून शिजवा.” शाबासकी नाही, काही नाही. वळून निघूनही गेल्या. पण पातेलं परत भट्टीवर चढलं, आणि ते माझ्या ओरडण्याने चढलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजाने एवढं जड काहीतरी हललं.

मॅडमचं सगळं बरोबरच असे असंही नाही. एकदा त्यांनी दह्याची अख्खी गाडी परत पाठवली. पुरवठादार बोंबलत राहिला. दुसऱ्या दिवशी कळलं की मॅडमचा थर्मामीटरच बिघडला होता, दही उत्तम होतं. सकाळी सगळे जमले होते तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हिंदीत म्हणाल्या, “कल का दही अच्छा था. गलती मेरी थी.” मग पुरवठादाराला फोन लावून तेच सांगितलं, सगळ्यांसमोर. ना पडेल चेहरा, ना ओशाळं हसू. चूक एखाद्या खोक्यासारखी उचलून टेबलावर ठेवली आणि कामाला लागल्या. मी इतकी वर्षं नोकरी करते आहे. किती पुरुष साहेब बघितले. असं करताना एकही बघितलेला नाही.

आता ती फिनाइलची गोष्ट. ती गोष्ट पुढे चोरीला गेली, म्हणून जशी घडली तशी सांगते.

जूनचा महिना, भर दुपार. सोहारच्या गोदामातून आमच्याच गाडीने कोंबडीचे खोके आले. ड्रायव्हर केरळचा, भला माणूस. उतरतानाच त्याचा चेहरा पडलेला. म्हणाला, “मॅडम, कूलिंग रास्ते में बंद हो गया. मैंने साहब को फोन किया था. साहब बोले, चलते रहो.”

मॅडमनी मला पुढे केलं. मी एका खोक्यात सुई घातली, मग दुसऱ्या, मग अगदी आतल्या. प्रत्येक वेळी मोठ्याने वाचलं. पाचच्या खाली असायला हवं तिथे सतरा, अठरा असं काहीतरी येत होतं. वास अजून आला नव्हता. हेच वाईट. वास आला असता तर कुणी वाद घातला नसता.

मॅडम म्हणाल्या, “परत.”

आणि तेवढ्यात साहेब आले. वर्षातून दोनदा स्वयंपाकघरात पाऊल टाकणारे साहेब त्या दिवशी रुवीहून स्वतः गाडी चालवत आले, कारण दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, इब्रीजवळच्या कॅम्पला बिर्याणी जायची होती आणि दुसरा माल हाताशी नव्हता. त्यांनी नाकाला रुमाल लावला, खोक्यांकडे बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, शाळांना हा माल नकोच. ते मलाही कळतं. हा इब्रीला जाऊ द्या. व्हिनेगरने धुवा, मसाला थोडा चढा घाला. उन्हात राबणारी माणसं आहेत हो, दगड पचवतील.”

हे त्यांनी मराठीत म्हटलं, म्हणजे तिथल्या कुणाला कळू नये म्हणून. मला कळलं. मला आजही त्या वाक्यातला ‘हो’ आठवतो. किती आपुलकीचा होता.

मॅडम म्हणाल्या, “नाही.”

“हा माझा निर्णय आहे,” साहेब म्हणाले आणि स्टोअरकीपरकडे वळले. “अंदर लो.”

स्टोअरकीपर बिचारा. त्याने मॅडमकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि एक खोका उचलला. त्याच्या व्हिसावर सही कुणाची लागते ते त्याला माहीत होतं.

मॅडम वळल्या आणि शूज वाजवत मागच्या बाजूला गेल्या, घाईने नव्हे, रोज जातात तशा. साहेबांना वाटलं, रुसून गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बघा या बाया. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत काळ्या फिनाइलचे कॅन होते. त्यांनी पहिल्या खोक्याचं झाकण काढलं आणि ओतलं. मग दुसऱ्याचं. स्टोअरकीपरच्या हातातला खोका त्यांनी काढून घेतला, जमिनीवर ठेवला आणि त्यातही ओतलं. सगळीकडे तो उग्र वास भरला. डोळे चुरचुरायला लागले.

“अहो! अहो, हे काय करताय तुम्ही?” साहेबांचा आवाज पहिल्यांदाच मऊ नव्हता.

“निर्णय,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या खोक्याकडे वळल्या.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अशा प्रसंगांत टाळ्या नंतर घातल्या जातात. सगळे खाली बघत होते. साहेब निघून गेले तेव्हा मुख्य आचाऱ्याने हळूच विचारलं, “कल बिर्याणी का क्या, मॅडम?” मॅडम म्हणाल्या, “अंडे उबालो.” शुक्रवारी इब्रीला अंड्याची बिर्याणी गेली. तिथे कुणाला काही कळलं नाही. कुणी आजारी पडलं नाही, आणि जे घडत नाही त्याचे आभार कोण मानतं?

आता कंपनीने काय केलं ते ऐका. गाडीचं कूलिंग दुरुस्त केलं असेल असं तुम्हाला वाटेल. ते पुढे कित्येक महिने झालं नाही. कंपनीने मॅडमचा सूर दुरुस्त करायला घेतला. दुबईहून एक ट्रेनर बोलावली. रुवीच्या ऑफिसात महिला नेतृत्वाची दिवसभराची कार्यशाळा ठेवली. आम्ही सगळ्या मिळून नऊ-दहा बायका, अकाउंट्समधल्या, रिसेप्शनच्या, आम्ही दोघी. पुरुष एकही नाही. त्यांचं नेतृत्व जन्मतःच तयार असतं.

ट्रेनर चांगली होती, चुणचुणीत. पाय फाकवून, हात कमरेवर ठेवून आरशासमोर कसं उभं राहायचं ते तिने शिकवलं. मग म्हणाली, टीका करायची असेल तर सँडविचसारखी करा. आधी एक चांगली गोष्ट, मध्ये टीका, शेवटी परत चांगली गोष्ट. आणि चेहऱ्यावर स्मित.

मॅडमनी हात वर केला. “कोंबडी सडत चाललेली आहे आणि मॅनेजर म्हणतो मजुरांना घाला. वरच्या पावात काय घालू?”

कुणी हसलं नाही. ट्रेनर म्हणाली, “तुम्ही अजून थोडं शांतपणे...”

“मी शांतच होते. एक शब्द बोलले होते. ‘नाही.’ तो त्यांनी ऐकला नाही. मग तुम्ही मला बोलायला कशाला शिकवता? त्यांना ऐकायला शिकवा.”

जेवणाच्या सुट्टीत आम्ही वॉशरूममध्ये हात धूत होतो, तर ती ट्रेनर आत आली. दार लागल्याची खात्री करून मॅडमना हिंदीत म्हणाली, “मला हेच बोलायला बोलावतात. दुसरं बोलले तर पुन्हा बोलावत नाहीत.” मॅडमनी तिच्याकडे आरशातून बघितलं आणि म्हणाल्या, “माहीत आहे. तुझ्यावर नाही रागावले मी.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मवाळ वाक्य हे.

त्याच वर्षी आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा सोहळा झाला. हॉटेल, झुंबरं, स्टेज. अन्नसुरक्षेबद्दल आमचा गौरव होता. साहेब स्टेजवर गेले, ढाल घेतली आणि माइकसमोर उभे राहिले. म्हणाले, नेतृत्व म्हणजे कठीण निर्णय. म्हणाले, गेल्या जूनमध्ये आमच्याकडे एक माल आला, तपमान वाढलेलं, आणि माझ्या टीमला मी सांगितलं, जेवणारा शाळेतला मुलगा असो की कॅम्पमधला मजूर, ताट एकच. आम्ही अख्खा माल फिनाइल ओतून नष्ट केला.

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी मॅडमकडे बघितलं. त्याही उभ्या राहिल्या होत्या, पण टाळ्या वाजवायला नव्हे. टाळ्या ओसरल्या तशा त्या तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “सर, आपल्या किचनमध्ये फिनाइल कुठे ठेवतात?”

साहेब हसले. सगळे हसले. बाईंनी काय मजेदार प्रश्न विचारला! कुणीतरी पुन्हा टाळ्याही वाजवल्या. मॅडम खाली बसल्या. त्यांचा वार फुकट गेला हे त्यांना कळलं होतं. मला तेव्हा समजलं की खरं बोलणं, मोठ्याने बोलणं, सगळ्यांसमोर बोलणं, हे सगळं करूनही माणूस हरू शकतं. समोरचे ऐकायच्या आधीच हसायचं ठरवून बसले असतील तर.

त्यानंतर मॅडम अर्बाबला भेटायला गेल्या, म्हणजे आमच्या मालकाला. म्हातारा ओमानी माणूस, अदबशीर. त्यांनी कहवा पाजला, खजूर पुढे केले, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तुमचं खरं आहे. पण तुमचा मॅनेजर मला मोठी कामं आणून देतो, आणि तो म्हणतो तुमच्याबरोबर काम करणं कठीण आहे. बघू, इन्शाल्ला. मॅडमचा करार संपत आला होता. तो पुढे वाढवला गेला नाही. कारण म्हणून वय सांगितलं. साहेब त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे.

निरोपसमारंभ दुपारच्या जेवणाच्या वेळी झाला, हेड ऑफिसात. केक, पुष्पगुच्छ, सगळं होतं. साहेबांचा आवाज परत मऊ झाला होता. ते म्हणाले, “मॅडम आमच्यावर रागवायच्या, पण तो आईचा राग होता. आज आम्हाला आपली आईच सोडून चालली आहे असं वाटतंय.” रिसेप्शनच्या मुलीने डोळे पुसले.

मॅडम उठल्या. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला.

“मी इथे कुणाची आई नव्हते,” त्या म्हणाल्या. “मला एक मुलगा आहे, चिपळूणला असतो. त्यालाही मी फार लाडात वाढवलेलं नाही. मी इथे क्वालिटी हेड होते. आईला नोकरीवरून काढता येत नाही. मला काढलंत. तेव्हा जे केलंत ते त्याच्या खऱ्या नावाने सांगा.”

आणि बसल्या नाहीत. सरळ दाराबाहेर गेल्या. शूज जिन्यावरून खाली वाजत गेले. केक कापायचा की नाही, कुणाला कळेना. मी गाडीची किल्ली घेऊन त्यांच्या मागे धावले.

पार्किंगमध्ये गाडी उन्हाने भट्टी झाली होती. मी एसी लावला आणि त्यांच्याकडे वळले, तर मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हुंदका नाही, काही नाही, नुसतं पाणी, गालांवरून हनुवटीपर्यंत. मी घाबरले. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला तोंड उघडलं.

“गप्प बस,” त्या म्हणाल्या. “हे रडू नाही. राग आहे. मला राग आला की डोळ्यांतून येतो, लहानपणापासून. समोरच्याला वाटतं, ही मोडली. म्हणून इतकी वर्षं मी आधी तोंड फिरवायचे आणि मग बोलायचे. चूक केली. बघू द्यायला हवं होतं. येऊ दे पाणी, तू बोलणं थांबवू नकोस. आता गाडी काढ, इथे पेट्रोल जळतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, “ती जागा आता तुम्ही सांभाळा. तुमचा स्वभाव गोड आहे. टीमलाही आता तसंच कुणीतरी हवंय.”

मी म्हटलं, “सांभाळते. माल परत पाठवायचा की नाही, ते मी ठरवणार. मी नाही म्हटल्यावर तुम्ही ते बदलायचं नाही, फोनवरूनसुद्धा नाही. आणि हे अर्बाबसमोर ठरायला हवं.”

“अहो, आपल्या आपल्यात हे कशाला? आपण बसून...”

“आणि गाडीचं कूलिंग या आठवड्यात.”

ते माझ्याकडे बघत राहिले, मग त्यांचा चेहरा एकदम कनवाळू झाला. मला कळेना का. मग जाणवलं, माझे डोळे भरले होते. आणि आदल्या दिवसापर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं की हे दुःख आहे. ते दुःख नव्हतं. इब्रीची ती माणसं, स्टेजवरची ती ढाल, तो ‘हो’, सगळं एकदम वर आलं होतं.

“एवढं भावनिक होऊ नका,” साहेब म्हणाले आणि त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. “नंतर बोलू आपण. तुम्ही शांत व्हा.”

मी डबा परत त्यांच्याकडे सरकवला. पाणी गालांवरून ओघळत होतं, नाक वाहत होतं, आवाज चिरकत होता. त्याच आवाजात, त्यांच्या डोळ्यांत बघत, मी अट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. शेवटपर्यंत.

पुढच्या आठवड्यात शाळांचं ऑडिट होतं आणि किचनमध्ये ते सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि अर्बाबची वेळ मागितली.